राक्षस नायिकेपेक्षा उंच हवा

लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात ब्रॉन्सन कॅन्यन नावाची एक जुनी दगडाची खाण आहे. १९५६ साली तिथल्या बोगद्यांपाशी ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’ या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. शुक्रावरून आलेला राक्षस पृथ्वी जिंकायला निघतो, अशी गोष्ट. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन स्टॅनफर्डमधून इंजिनिअर झालेला. शुक्रावर गुरुत्वाकर्षण जबर असणार, तेव्हा तिथला प्राणी बसका, जमिनीला धरून राहणारा हवा, असा त्याने हिशेब मांडला. वास्तविक शुक्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा थोडं कमीच भरतं. पण राक्षस त्या हिशेबाने तयार झाला: शंकूसारखं अंग, खेकड्यासारखे हात, तोंडभर सुळे, आणि उंची माणसाच्या कमरेच्या आसपास. नायिका बेव्हर्ली गारलंड त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिने त्याला वरून खाली न्याहाळलं, जग जिंकायला निघाल्याबद्दल दोन शब्द सुनावले आणि एक लाथ घातली. कॉर्मनला जे कळायचं ते कळलं. त्याने राक्षसाची उंची वाढवून घेतली आणि राक्षस नेहमी नायिकेपेक्षा मोठा असला पाहिजे, हा धडा पुढे जन्मभर सगळ्यांना सांगितला.

हा किस्सा सिनेमाच्या इतिहासांत गंमत म्हणून सांगतात आणि पुढे जातात. मला तो महत्त्वाचा वाटतो. भयपट आणि विनोद यांची जोडी कुणी टेबलाशी बसून ठरवलेली नाही. पैसा नसल्यामुळे राक्षस घाबरवू शकेना, म्हणून हसू आधी आगंतुकासारखं आलं. चार-पाच वर्षांनी एका लेखकाने त्याला घरात घेतलं. या प्रकरणात ती चार-पाच वर्षं पाहायची आहेत.

आधी पैशाची बाजू. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या स्टुडिओंना थिएटरांची मालकी सोडायला लावली. त्याच सुमारास टीव्ही घराघरांत शिरला आणि मोठी माणसं संध्याकाळी घरीच बसू लागली. घराबाहेर पडायचं होतं ते तरुण पोरांना, आणि त्यांच्या हाताशी वडिलांची गाडी होती. ड्राइव्ह-इन थिएटरांची संख्या त्या दशकाच्या अखेरीस चार हजारांवर गेली. एवढ्या पडद्यांना पुरतील इतके सिनेमे मोठे स्टुडिओ काढत नव्हते. ही फट जेम्स निकोल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ यांनी हेरली. १९५४ साली त्यांनी काढलेली कंपनी पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या नावाने ओळखली गेली. निकोल्सनला आधी नाव सुचायचं. मग पोस्टर रंगवायचं, ते थिएटरवाल्यांना दाखवायचं, त्यांनी मान डोलावली की पटकथा लिहायला बसवायचं. एका तिकिटात दोन पिक्चर, आठ-दहा दिवसांत एकेकाचं शूटिंग आणि खर्च लाख डॉलरच्या आतबाहेर.

या उलट्या क्रमाची फळं लगेच दिसली. ‘द बीस्ट विथ अ मिलियन आइज’ (१९५५) च्या पोस्टरवर डोळ्यांनी लडबडलेला अक्राळविक्राळ प्राणी होता. सिनेमात तो नव्हताच. परग्रहावरची शक्ती पृथ्वीवरच्या पशुपक्ष्यांच्या मनात शिरते आणि त्यांच्या डोळ्यांनी पाहते, म्हणून दहा लाख डोळे, अशी पटकथेची मांडणी होती. मला ती पोस्टरवरच्या प्राण्यापेक्षा सरस वाटते. पण थिएटरवाल्यांना राक्षस पाहिजे होता. स्टॉप-मोशनचा बादशहा रे हॅरीहाउसन यांना विचारावं अशी सूचना आली, पण त्यांचा मोबदला या मंडळींच्या ऐपतीच्या कैक पटीने बाहेरचा. शेवटी काही शे डॉलरांत एक बाहुला करून द्यायला तयार झाला तो पॉल ब्लेसडेल.

ब्लेसडेल विज्ञानकथांच्या मासिकांसाठी चित्रं काढायचा. टोपांगा कॅन्यनमधल्या आपल्या घरी तो आणि त्याची बायको जॅकी मिळून राक्षस बनवायचे. मोठ्या स्टुडिओत आधी शिल्प करायचं, मग साचा काढायचा, मग त्यात रबर ओतून पोशाख काढायचा, अशी रीत होती. त्याला माणसं लागतात, भट्टी लागते, आठवडे लागतात. ब्लेसडेलने वेगळी वाट काढली. थंडीत आतून घालायचे अंगभर गरम कपडे असतात, त्यांच्यावर फोम रबरचे कापलेले तुकडे एकेक करून चिकटवायचे. खवले, गाठी, काटे, शिरा, सगळं कात्रीने कापून गोंदाने जोडलेलं. वरून रंग. आणि सोंग तयार झालं की त्यात शिरणाराही बहुतेक वेळा तोच. शुक्रावरच्या त्या बसक्या राक्षसाच्या आतही तोच होता. दमट, उष्ण ग्रहावर भूछत्रासारखं काहीतरी वाढलेलं असेल, ही त्याची स्वतःची कल्पना. तो राक्षस त्याने गुहेच्या अंधारासाठी बनवला होता. नेमका शेवटच्या प्रसंगात कॉर्मनने त्याला गुहेबाहेर उन्हात आणलं, आणि अंधारात जे दडलं असतं ते सगळं प्रेक्षकांपुढे उघडं पडलं.

लोक हसले. आजही हसतात. पण ब्लेसडेलच्या कामाचे स्थिर फोटो निवांत पाहावेत. त्याचा एक राक्षस दुसऱ्यासारखा नाही. ‘द शी-क्रीचर’ (१९५६) मधली समुद्रातून येणारी कवचधारी मादी पाहिली की या बाईच्या अंगावर युगानुयुगांचा खारा थर चढलाय असं वाटतं. गोंदाच्या डब्यात आणि कात्रीत एवढं काम काढणाऱ्या माणसाला हास्यास्पद ठरवणं मला जमत नाही.

शिवाय हसण्याकडे वळलेला त्या काळातला एक सिनेमा त्याच्याच राक्षसांचा आहे. एडवर्ड कान याने दिग्दर्शित केलेला ‘इन्व्हेजन ऑफ द सॉसर मेन’ (१९५७). तबकडीतून आलेली बुटकी माणसं, कोबीच्या गड्ड्यासारखी मेंदू उघडा पडलेली डोकी, बटबटीत डोळे. त्यांच्या नखांतून सुया निघतात आणि त्या सुयांतून माणसाच्या अंगात दारू टोचली जाते. त्यामुळे ज्याने त्यांना पाहिलं त्याच्या तोंडाला वास येतो आणि पोलीस त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. राक्षसाचा हात तुटून पडतो, तर त्या हातालाच एक डोळा असतो आणि तो हात आपला आपण सरपटत निघतो. शेवटी या प्राण्यांना तेज उजेड सोसत नाही हे कळतं. गावातली प्रेमी जोडपी आपापल्या गाड्या घेऊन येतात, राक्षसांना घेरतात आणि हेडलाइट लावतात. प्रेक्षक कुठे बसलेत हे विसरू नका. तेही ड्राइव्ह-इनमध्ये, आपापल्या गाड्यांत, बहुतेक जोडीनेच. राक्षसाला मारण्याचं हत्यार त्यांच्या पुढ्यातच होतं. पडदा आणि प्रेक्षक यांचं असं साटंलोटं महागड्या सिनेमांना क्वचितच साधतं.

ब्लेसडेलची कथा मात्र सुखाची नाही. ‘इट! द टेरर फ्रॉम बियॉन्ड स्पेस’ (१९५८) मध्ये पोशाख घालणारा नट रे कॉरिगन मापासाठी त्याच्याकडे गेलाच नाही. ऐन वेळी मुखवटा लहान पडला आणि नटाची हनुवटी राक्षसाच्या तोंडातून बाहेर डोकावू लागली. ब्लेसडेलने ती हनुवटी रंगवून राक्षसाची जीभ करून टाकली. अवकाशयानात दडून एकेकाला गाठणाऱ्या राक्षसाची ही गोष्ट १९७९ च्या ‘एलियन’शी इतकी जुळते की दोन्हींची तुलना आजवर होत आली आहे. त्याच १९५८ साली ‘हाउ टू मेक अ मॉन्स्टर’ आला. स्टुडिओचे नवे मालक राक्षसपट बंद करतात आणि मेकअपवाल्याला काढून टाकतात, म्हणून तो सूड घेतो, असं त्याचं कथानक. अखेरच्या आगीत भिंतीवर टांगलेले मुखवटे जळतात. त्यांत ब्लेसडेलचे खरे मुखवटे होते. त्याने वर्षानुवर्षं जपलेलं काम एका शॉटसाठी जळून गेलं. पुढल्या काही वर्षांत तो या धंद्यातून बाहेर पडला. १९८३ साली तो गेला.

आता ज्याने हसू घरात घेतलं, त्या माणसाकडे येऊ. चार्ल्स ग्रिफिथ. या चित्रपटांचं श्रेय सर्रास कॉर्मनला दिलं जातं. कॉर्मन २०२४ मध्ये ९८ व्या वर्षी वारला तेव्हाही मृत्युलेखांत तेच झालं. काटकसरीचं, वेगाचं, नवी माणसं हेरण्याचं श्रेय त्याचं आहेच. पण विनोद ग्रिफिथचा. त्याची आजी मर्टल व्हेल आणि आई या दोघींनी ‘मर्ट अँड मार्ज’ ही रेडिओमालिका गाजवलेली. हशा कुठे येतो, कुठे थांबायचं, हे तो घरातच शिकला होता.

१९५७ च्या ‘अटॅक ऑफ द क्रॅब मॉन्स्टर्स’ची पटकथा त्याची. अणुस्फोटामुळे प्रचंड वाढलेले खेकडे माणसांना खातात. आणि ज्याचा मेंदू खाल्ला त्याची बुद्धी आणि आवाज खेकड्यात उतरतो. मग रात्री बेटावर मेलेल्या मित्राची हाक ऐकू येते आणि जिवंत माणसं त्या हाकेमागे जातात. कल्पना अंगावर काटा आणणारी आहे. पडद्यावर मात्र खेकड्याच्या आत एड नेल्सन नावाचा नट वाकून चालतोय हे कळतं. पाण्याखालचे प्रसंग ग्रिफिथने थोड्या जास्तीच्या पैशांवर स्वतः चित्रित केले, तर थर्मोकोलसारख्या हलक्या फोमचा तो खेकडा बुडेचना. भीती लिहिलेली उत्तम आणि दिसणारी तोकडी, हे अंतर ग्रिफिथने अगदी जवळून पाहिलं. राक्षस कधीच पुरेसा खरा दिसणार नाही हे एकदा मान्य केलं, तर त्याच्यासाठी कसली गोष्ट लिहावी? पुढे काही वर्षांनी आलेल्या त्याच्या दोन पटकथा हे या प्रश्नाचं उत्तर आहेत.

पहिली ‘अ बकेट ऑफ ब्लड’ (१९५९). पन्नास हजार डॉलर, पाच दिवस. कॉर्मन आणि ग्रिफिथ एका संध्याकाळी सनसेट स्ट्रिपवरच्या कॉफीहाउसांतून हिंडले आणि रात्रीपर्यंत गोष्ट तयार होती. कलाकारांच्या अड्ड्यावर कपबश्या उचलणारा वॉल्टर पेझली. चुकून त्याच्या हातून एक मांजर मरतं, तो ते मातीने लिंपतो आणि सगळे त्याला थोर शिल्पकार म्हणू लागतात. मग मागणी वाढते आणि मांजरावर भागत नाही. इथे राक्षस नाहीच, त्यामुळे रबराचा प्रश्नच मिटला. डिक मिलरने वॉल्टर असा केलाय की त्याची कीव येते आणि भीतीही वाटते. कौतुकाला आसुसलेल्या माणसाचे डोळे त्याला फार नेमके सापडले होते.

दुसरी पटकथा म्हणजे ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ (१९६०). या सिनेमाबद्दल दंतकथा पुष्कळ, पण खात्रीची हकिकतच पुरेशी विलक्षण आहे. एका स्टुडिओत दुसऱ्या सिनेमाचा सेट उभाच होता आणि तो थोडे दिवस वापरायला मिळत होता. १९६० च्या १ जानेवारीपासून नटांच्या मोबदल्याचे नवे नियम लागू होणार होते, ते महाग पडले असते. म्हणून १९५९ च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आधी तालमी करून घेऊन, दुकानातला जवळपास सगळा भाग दोन दिवसांत चित्रित झाला. टीव्हीसारखे दोन कॅमेरे एकाच वेळी चालवले. एकूण खर्च सुमारे तीस हजार डॉलर.

ग्रिफिथच्या डोक्यात आधी एक नरभक्षक आचारी होता. सेन्सॉरच्या नियमांत तो बसेना. तेव्हा माणसं खाणारं झाड आलं. गरीब वस्तीतल्या फुलांच्या दुकानात कामाला असलेला सीमूर क्रेलबॉइन एक रोपटं वाढवतो आणि आपल्या आवडत्या मुलीच्या नावावरून त्याला ऑड्री ज्युनियर म्हणतो. पाण्याने, खताने ते वाढत नाही. सीमूरचं बोट कापतं, रक्ताचा थेंब पडतो आणि झाड तोंड उघडतं. पुढे ते बोलायलाच लागतं: भूक लागली, खायला घाल. झाडाचा आवाज ग्रिफिथचाच. शूटिंगच्या वेळी नटांना संवादाचा दुवा मिळावा म्हणून तो कॅमेऱ्याबाहेर उभा राहून बोलायचा आणि नंतर दुसऱ्या नटाकडून आवाज भरून घ्यायचा बेत होता. पण सेटवरची मंडळी इतकी हसली की तोच कायम राहिला.

हे झाड नीट पाहा. दोन मोठी पानं शिंपल्यासारखी उघडमीट करतात, एवढंच त्याचं कसब. ते जागचं हलत नाही, कुणाचा पाठलाग करत नाही, नायिकेपेक्षा उंच असण्याची त्याला गरज नाही. त्याला माणसं आणून द्यावी लागतात. आणि ती आणून देतो एक भला, भित्रा, आईच्या धाकातला मुलगा. पैशाची अडचण आता गोष्टीच्या गाभ्यात जिरली. भय पानांच्या हालचालीत नाही. सीमूर दर वेळी थोडा अधिक सहज कसा होत जातो, त्यात आहे. आणि हसूही तिथेच आहे. दुकानाचा मालक मश्निक सगळं डोळ्यांनी पाहतो, पण झाडामुळे गिऱ्हाइकं वाढलीत हेही पाहतो आणि गप्प बसतो. मेल वेल्सने तो लोभ आणि ती घाबरगुंडी एकाच चेहऱ्यावर अशी दाखवली आहे की दुसरा मश्निक मला कल्पनेतही पटत नाही. सीमूरची रोगांची हौस असलेली आई म्हणजे ग्रिफिथची आजी मर्टल व्हेल. दातांच्या दवाखान्यात वेदनेसाठी आसुसलेला रोगी आहे जॅक निकल्सन, तेव्हा अगदी अनोळखी. याच दवाखान्याच्या सेटवर मारामारी चालू असताना दंतवैद्याची खुर्ची कोलमडली. दुरुस्तीला तासभर लागेल असं कळल्यावर कॉर्मनने ठरवलं की खुर्ची पडते तिथेच प्रसंग संपतो.

बाहेरची दृश्यं ग्रिफिथ आणि वेल्स यांनी पुढच्या सुट्ट्यांच्या दिवशी, भाड्याचा कॅमेरा घेऊन, लॉस एंजेलिसच्या स्किड रो वस्तीत टिपली. रस्त्यावरच्या बेवड्यांना दर दृश्यामागे काही सेंट देऊन उभं केलं. रेल्वेखाली माणूस सापडण्याचा प्रसंग हवा होता. त्यांनी यार्डातल्या लोकांना दारूच्या बाटल्या देऊन राजी केलं. नट रुळांवर झोपला, इंजिन त्याच्यापासून मागे मागे नेलं आणि ती फिल्म उलटी चालवली. जीव धोक्यात न घालता अपघात मिळाला.

शेवटी झाडाला कळ्या येतात. समारंभपूर्वक त्या उमलतात आणि प्रत्येक फुलात खाल्लेल्या एकेका माणसाचा चेहरा असतो. सीमूर पळतो, परत येतो, सुरी घेऊन झाडाच्या तोंडात शिरतो. आणखी एक कळी उमलते, तिच्यात सीमूर. बहात्तर मिनिटांत कारभार आटोपतो.

कॉर्मनला या सिनेमाची फार आशा नव्हती. कॉपीराइटची नोंदही त्याने केली नाही. त्यामुळे टीव्हीवर तो कुणीही, कधीही दाखवू शकत असे. एक पिढी रात्री उशिरा तो पाहत वाढली. पुढच्याच वर्षी कॉर्मन-ग्रिफिथ जोडीचा ‘क्रीचर फ्रॉम द हॉन्टेड सी’ आला. प्वेर्तो रिकोत दुसऱ्या सिनेमाचं काम लवकर आटोपलं, म्हणून उरलेल्या दिवसांत केलेला. त्यातला राक्षस पाणबुड्याचा पोशाख, शेवाळ आणि भांडी घासायच्या काथ्या यांचा. डोळ्यांना टेनिसचे चेंडू, बुबुळांना पिंगपाँगचे. एक गुंड सहप्रवाशांना मारून खोट्या समुद्रराक्षसावर आळ घालायचा बेत करतो आणि खरा राक्षस उगवतो. शेवटी राक्षसच जिंकतो आणि समुद्राच्या तळाशी खजिन्याच्या पेटीवर बसून दात कोरतो. सिनेमा विस्कळीत आहे, मधले प्रसंग रेंगाळतात. पण त्यात टोपणनावाने हेराचं काम करणारा तरुण म्हणजे रॉबर्ट टाउन, ज्याने पुढे ‘चायनाटाउन’ (१९७४) लिहून ऑस्कर मिळवलं.

या शाळेतून निघालेल्यांत विनोदी भयाचा वारसा सगळ्यांत मनापासून चालवला तो ज्यो दांते याने. ‘जॉज’च्या लाटेवर कॉर्मनने काढलेला ‘पिराना’ (१९७८) त्याचा. डिक मिलरला तो आपल्या सिनेमांतून घेत राहिला. ‘द हाउलिंग’ (१९८१) मध्ये तर मिलरच्या पात्राचं नावच वॉल्टर पेझली आहे. ‘ग्रेमलिन्स’ (१९८४) मध्येही मिलर आहे, आणि त्या सिनेमात पैसा होता, स्पीलबर्गचं पाठबळ होतं, तरी त्यातला खट्याळपणा ग्रिफिथच्या घराण्याचा आहे.

‘लिटल शॉप’चं पुढे काय झालं ते सांगितलं पाहिजे. १९८२ साली हॉवर्ड अ‍ॅशमन आणि अ‍ॅलन मेंकन यांनी त्याचं संगीत नाटक केलं. न्यूयॉर्कच्या ऑर्फियम थिएटरमध्ये त्याचे २,२०९ प्रयोग झाले. या जोडीला पुढे डिस्नेने बोलावलं आणि ‘द लिटल मर्मेड’ (१९८९) झाला. १९८६ साली फ्रँक ऑझने नाटकावरून सिनेमा काढला, खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर. आता झाडाचे ओठ गाण्याच्या शब्दाशब्दाला हलत होते. ते जमावं म्हणून झाडाचे प्रसंग कॅमेऱ्याचा वेग कमी ठेवून टिपले, आणि नटांना त्या वेगाला जुळवून सावकाश हालचाली कराव्या लागल्या. कठपुतळीच्या कलेतलं ते फार मोठं काम आहे.

त्या सिनेमाचा मूळ शेवटही दारुणच होता. नाटकातल्यासारखा: झाड नायिकेला खातं, नायकाला खातं आणि जग जिंकतं. प्रचंड झाडं न्यूयॉर्कवर चाल करून जातात, हे दाखवायला लाखो डॉलर आणि काही महिने खर्ची पडले. पूर्वप्रदर्शनात प्रेक्षक गाण्यांना टाळ्या वाजवत होते, आणि नायक-नायिका मेल्यावर गप्प झाले. शेवट कापला, नवा सुखान्त चित्रित केला. मला वाटतं, झाड इतकं खरं झालं होतं की त्याने खाल्लेली माणसंही खरोखर मेली. रंगभूमीवर तीच नटमंडळी नमस्काराला परत येत होती, आणि १९६० च्या सिनेमात तर पान पुठ्ठ्यासारखं हलताना सगळ्यांना दिसत होतं. त्यामुळे कळीतला सीमूरचा चेहरा पाहून दचकायला आणि त्याच क्षणी हसायला माणूस मोकळा होता. ऑझचा कापलेला शेवट रंगीत, संपूर्ण स्वरूपात २०१२ साली ब्लू-रेवर आला. आधी ग्रिफिथची बहात्तर मिनिटं पाहावीत आणि मग तो.